चौपेडी वेणी

माझा सगळा जन्म दवाखान्यात गेला. मेलेलं माणूस परत येत नाही, हे मला कुणी पटवून द्यायला नको. भुताच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजते आणि वाटेला लावते... तरीही हे लिहिते आहे.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी बेंबळीची. आई बाळंतपणात गेली, म्हणून हट्टानं उस्मानाबादच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला आले. पण बाळंतिणीचं ओरडणं ऐकलं की मला आईच दिसायची. दोनदा चक्कर येऊन पडले. मेट्रनबाई म्हणाल्या, "आता पडलीस तर घरी जा, पोरी." मी ट्रंक भरून ठेवली.

त्या दुपारी न्हाऊन होस्टेलच्या अंगणात उन्हाला पाठ करून बसले होते. मागून कुणीतरी केसांत फणी घातली. माझ्या खोलीतली जुबेदाच असणार — ती अशीच न बोलता लाड करायची. मी समोर बघतच बोलत राहिले, "म्या उद्या जाते गं. न्हाय जमत मला. आईची लई आठवण येती." रडताना मान खाली गेली, तशी डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक झाली. मान वर कर, म्हणून. मग वेणी घट्ट ओढून बांधली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात जुबेदा समोरून, वॉर्डातून धावत आली. "चल, एक बाई अडली है. मेट्रन बुलारे तेरेकू." मग माझ्याकडे बघून थांबली. "ये चोटी कौन डाला?"

मी वेणी पुढं घेतली. चौपेडी. डावीकडं कललेली. आईचा उजवा अंगठा विळ्यानं अधू झाला होता, तिची वेणी नेहमी अशीच कलायची. होस्टेलात चौपेडी कुणालाच येत नव्हती. मागं फक्त फणी पडली होती... माझीच, ट्रंकेत भरून ठेवलेली.

वॉर्डात नर्सची टोपी घालावी लागे आणि तिच्याखाली चपटा अंबाडा लागायचा; त्या जाड वेणीवर टोपी काही केल्या बसेना. वेणी राखायची तर वॉर्डात जाता येत नव्हतं. मी रडत रडत ती स्वतःच्या हातानं सोडली आणि गेले. बाई मोकळी झाली, मुलगी झाली. मी पडले नाही. शिक्षण पुरं केलं, नोकरी केली.

नंतर कितीतरी वर्षं न्हायल्यावर तशीच उन्हात बसत आले. कुणी आलं नाही. भास म्हणावा, तर वेणी जुबेदानंही पाहिली होती. खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच आहे. एकच वाटत राहतं — ती एवढा वेळ माझ्या मागं बसली होती, आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही.