वन्संचा कावळा

अख्ख्या सोलापुरात कावळ्याचे उपकार मनापासून मानणारं माणूस मी एकच पाहिलं. ते म्हणजे आमच्या वन्सं, माझ्या यजमानांची थोरली बहीण. कावळा अंगणात ओरडला की आपण आता कोण पाहुणा टपकतोय म्हणून कपाळाला हात लावतो. वन्सं मात्र परसातल्या शेवग्यावर कावळा येऊन बसला की ताटातली भाकरी मोडून त्याला टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा रे बाबा. तुझ्या जिवावर चाललंय माझं." आधी मला वाटायचं, बाई पितरांना घालतेय. पितरांचा काडीचा संबंध नव्हता. तो त्या दोघांतला खाजगी मामला होता, आणि मला तो कळायला बराच वेळ लागला.

वन्संचे यजमान होटगी स्टेशनात तारमास्तर होते. भला माणूस. दिवसभर तारेचं कडकट्ट ऐकून इतके मुरले होते की जेवताना पाटावरसुद्धा बोटांनी तोच ठेका धरायचे. मूलबाळ नव्हतं, म्हणून वन्संचा सगळा जीव आमच्या लेकीवर, कुसुमवर. तिला न्हाऊमाखू घातलं त्यांनी, बोलायला शिकवलं त्यांनी, आणि उलट बोलायलाही त्यांनीच. 'कुसुमच्या लग्नात पहिली हळद आत्याची,' हे पोर पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. मग चाळिशी उलटली आणि वन्संच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, पुढं हातांच्या पालथ्या अंगावर लाल चट्टे उठले. वर पांढरा पापुद्रा, खाजवला की कोंडा. औषधपाण्याला चार दिवस म्हणून त्या आमच्याकडं आल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच. "होटगीला गाड्या थांबतात गं, वैद्य थांबत नाहीत," हे त्यांचं कारण. तारमास्तर रविवारच्या गाडीनं बायकोला भेटायला यायचे आणि जेवून परत जायचे.

सोलापुरात वैद्यांना तोटा नव्हता, आणि वन्संना उत्साहाला. एकानं सांगितलं विचर्चिका, दुसऱ्यानं सांगितलं किटिभ, बेगमपेठेतल्या हकिमानं सांगितलं रक्तातली गर्मी, आणि शेजारणींनी न विचारताच सांगितलं गजकर्ण. वन्संनी कुणालाच नाराज केलं नाही. सगळ्यांची औषधं एकदम चालू. सकाळी कडुनिंबाचा रस, दुपारी करंजाचं तेल, तिन्हीसांजेला हकिमाचं काळं चाटण. आमच्या मोरीत पाय टाकायची सोय उरली नव्हती. कुठली वाटी पोटात घ्यायची आणि कुठली अंगाला लावायची, हे त्यांचं त्यांनाही कधी कधी आठवायचं नाही. एकदा करंजाच्या तेलाची फोडणी आमटीला पडली. आमचे हे गिरणीत कारकून. ते पहिल्याच भुरक्याला वाटी घेऊन उठले आणि म्हणाले, "अक्का, रोग तुला आहे की आम्हांला?" त्यावर वन्संचं उत्तर तयार होतं. "खा मुकाट्यानं. रक्त शुद्ध होतं. तुझंही काही फार चांगलं नाही."

शेवटी ह्यांनीच त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "बाई, याला सोरायसिस म्हणतात. हा महारोग नव्हे, कोड नव्हे. शिवल्यानं कुणाला लागत नाही. समूळ जाईल असं मी सांगत नाही, कमीजास्त होत राहील. त्यात तुमचं हे वय, पाळी जायचे दिवस. या दिवसांत बाईच्या अंगातल्या ग्रंथी बदलतात, त्यानंही जोर धरत असेल." वन्सं घरी आल्या त्या टांग्यातून उतरताउतरताच सांगायला लागल्या. "लई हुशार डॉक्टर! हात बघितला न बघितला तोच म्हणाला, तुमच्या ग्रंथात बिघाड आहे. आता मागच्या चातुर्मासात मी पोथी अर्धी टाकून होटगीला गेले होते की नाही? त्याला कसं कळलं गं?" ह्यांनी ग्रंथ आणि ग्रंथी यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण वन्संनी तोवर पोथीवरची धूळ झटकली होती. डॉक्टरांनी दिलेलं मलम डांबराचं होतं. रविवारी तारमास्तर आले, उंबऱ्यातच थबकले, हुंगलं आणि हताश होऊन म्हणाले, "रुळांखालच्या स्लीपरांचा वास येतोय. म्हणजे इथं आलो तरी ड्यूटीवरच."

सगळ्यांत गाजला तो बेलाचा इलाज. अक्कलकोटकडचे एक कानडी वैद्य आठवड्याच्या बाजाराला यायचे. त्यांना मराठी येत नव्हतं आणि वन्संना कानडी, म्हणून दोघांचं फार जमलं. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि बजावलं, "बेल्ल बिडबेकु, नोडव्वा!" वन्संनी त्यातला बेल तेवढा उचलला. घरी येऊन बेलाचा रस प्यायला लागल्या, पाला वाटून चट्ट्यांवर थापायला लागल्या, उशाखाली बेल, वेणीत बेल. रस कडवट लागायचा म्हणून वर गुळाचा खडा, आणि तो खडाही वन्संच्या मापाचा, म्हणजे सुपारीएवढा नव्हे, लिंबाएवढा. होता होता चैत्र आला आणि चट्टे खरोखरच मावळले. वन्सं पेठभर बेलाचं माहात्म्य सांगत सुटल्या. सांगता सांगता आमच्या पलीकडच्या विणकराच्या व्यंकम्मापाशी आल्या, तर ती तेलुगू बाई पदर तोंडाशी धरून हसायलाच लागली. "अयो, बेल्ल म्हंजे गूळ की वो बाई! आमच्यात पण बेल्लमच म्हंतात. गूळ सोडा म्हनला त्यो!" दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. वन्संनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे गुण बेलाचा नव्हे, गुळाचा! तरी मी म्हणतच होते."

माझं मत विचाराल तर गुण ना बेलाचा, ना गुळाचा. थंडीत कुठलंही औषध सुरू करा, चैत्र-वैशाखात ते लागू पडायचंच, कारण वन्सं तेव्हा हात उघडे टाकून दुपारपर्यंत परसात कुरडया-पापड राखत बसायच्या. सोलापूरचं ऊन फुकटचं, म्हणून त्याला कुणी औषध म्हणत नाही, एवढंच.

याच दिवसांत वन्संच्या अंगातून वाफा यायला लागल्या. मध्येच उठून पदरानं वारा घ्यायच्या आणि विचारायच्या, "इंदू, हा उन्हाळा बाहेरचा की माझा?" घटकेत रडू, घटकेत हसू, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझ्यावर राग. मग एक दिवस मला माजघरात बोलावून म्हणाल्या, "सुटले गं बाई. कावळा उडाला एकदाचा." त्या काळी आम्हां बायकांना महिन्याला कावळा शिवायचा आणि तीन दिवस बाहेर बसावं लागायचं. परसातल्या पडवीत वेगळी घोंगडी, वेगळी ताटवाटी, कुणाला शिवायचं नाही, कुणी शिवायचं नाही. मी मनात म्हटलं, सुटल्या त्या सुटल्या, आता घरातल्या कामालाही कायमचा हात झाला.

कसला हात नि कसलं काय! चार-सहा महिन्यांत उडालेला कावळा परत आला. आणि आला तो असा पंचांग बघून, की मी चाटच पडले. घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू, की सकाळीच वन्सं पडवीत. संक्रांतीचं वाण, वन्सं पडवीत. शेजारी डोहाळजेवण, वन्सं पडवीत. बरं, तिथं बसून चेहऱ्यावर काही दुःख म्हणाल तर नाही. उन्हात पाय पसरलेले, कोपरांना तेल चोपडलेलं आणि शेवग्यावरच्या कावळ्याशी गप्पा. आत माझी पुरण वाटता वाटता कंबर मोडलेली. खोटं कशाला सांगू, मला असा संताप यायचा! ह्यांच्याकडं तक्रार करावी तर हे कानांवर हात ठेवून म्हणायचे, "तो तुमचा बायकांचा विषय."

असं होता होता कुसुमचं लग्न ठरलं. स्थळ बार्शीचं, माणसं सधन आणि विहीणबाई करारी. वन्संनी हळकुंडं निवडली, दळून घेतली, वस्त्रगाळ केली, आणि पहाटे कुणाला दिसणार नाही असं वाटून हातांना तऱ्हेतऱ्हेची तेलं चोळली. पण दिवस माघातले आणि घरात लग्नाची घाई. चट्टे काही मागं हटेनात, उलट बोटांवर उतरले. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात सनई सुरू झाली, वऱ्हाडाच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन वेशीपर्यंत आल्याचा निरोप आला, आणि मी बघते तो काय, वन्सं पडवीत घोंगडीवर!

मी तशीच परसात गेले. म्हटलं, "वन्सं, आज तरी नका हो छळू. तुमचा कावळा केव्हाच उडाला, हे मला ठाऊक नाही होय? कामाचा एवढा कंटाळा, तोही पोरीच्या हळदीला?"

वन्सं हसल्या नाहीत. हातांवर पदर ओढून घेत म्हणाल्या, "कामाचा नव्हे गं. गेल्या साली वकिलीणबाईंच्या हळदीकुंकवाला मी कुंकू लावायला बोट पुढं केलं, तर त्या मान मागं घेऊन म्हणाल्या, 'असू दे, माझं मी लावते.' मी म्हटलं, होय की, माझ्या हाताला तेल आहे. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्याच्यानंतर बघ, जिथं तिथं तेच. म्हणून मी आपली पडवीत येऊन बसते. इथं मला कुणी शिवत नाही ते कावळ्यामुळं. तिकडं शिवत नाहीत ते माझ्यामुळं. कावळ्यामुळं बरं असतं गं इंदू." मग डोळे पुसून म्हणाल्या, "विहिणीनं मांडवात मान मागं घेतली तर माझं मी सोसेन. पण पोरीला सासरी त्याचं ऐकून घ्यावं लागेल. जा तू. पहिली हळद तू लाव."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मागं वळते तो दारात कुसुम उभी होती. ती पाटावरून उठून आत्याला बोलवायला आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. सरळ पडवीत गेली, आत्याच्या मनगटाला धरलं आणि ओढत मांडवात आणलं.

बायकांचा एकच गलका झाला. "अगं अगं, शिवलीस काय! बाहेर बसल्यात ना त्या!" बार्शीकडची एक म्हातारी तर "पुन्हा न्हाऊ घाला नवरीला!" म्हणून ओरडायला लागली. मग मात्र मला राहवेना. माझा आवाज मुळात मोठा, त्या दिवशी सनईच्याही वर गेला. "कुणी न्हाऊ घालायला नको! वन्संचा कावळा केव्हाच उडालाय. त्या हातांच्या चट्ट्यांपायी मागं बसल्या होत्या. तो महारोग नव्हे, कोड नव्हे, डॉक्टरांनी सांगितलंय, शिवून लागत नाही." सनईवाल्यानं सुद्धा फुंकायचं थांबवलं. पुरुषमाणसं ओसरीवर होती, ती सगळी आढ्याकडं बघायला लागली.

विहीणबाई वन्संच्या हातांकडं बघत राहिल्या. दोघी-तिघी हळूच मागं सरकल्या, ते मला दिसलं आणि वन्संनाही दिसलं. कुसुम पाटावर बसली, हळदीची वाटी आत्याच्या पुढं सरकवली आणि म्हणाली, "आत्या, लाव. नाहीतर मी आज उठायचीच नाही." वन्संनी बोटं बुडवली. एका गालाला लावली, दुसऱ्या गालाला लावली आणि चोरासारखा हात मागं घेतला. एवढ्यात विहीणबाई पुढं वाकल्या, कुसुमचं तोंड हनुवटीला धरून इकडून तिकडून पाहिलं आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, लावायची तर नीट लावा की. कानामागं कोरडंच राहिलंय." मग हळूच म्हणाल्या, "आणि हे बघा, मलाही गेल्या वर्षापासून अंगातून वाफा येतात हो. तुमच्याकडं काही औषध आहे?"

औषध! वन्संना औषध विचारलं! कानामागं, गळ्याला, दंडांना हळद चोळता चोळता त्यांनी विहिणीला निंब सांगितला, बेल सांगितला, गूळ सांगितला, आणि ग्रंथ पुरा वाचायला सांगितला. हळद झाली तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळेजर्द झाले होते आणि त्यांत चट्टा कुठला नि कातडी कुठली, ते कुणाला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हळदीचा लेप सुरू केला. रविवारच्या रविवारी तारमास्तरांच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या पिवळ्या झाल्या.

चट्टे काही कायमचे गेले नाहीत. थंडीत उठायचे, उन्हाळ्यात निजायचे. पण वन्सं त्यानंतर पडवीत बसल्या त्या फक्त उन्हाला. शेवग्यावरच्या कावळ्याची भाकरी मात्र चालू होती. मी चिडवलं की म्हणायच्या, "अडीअडचणीला त्यानंच सांभाळलं गं. मी मेल्यावर बघ, पिंडापाशी तुम्हांला ताटकळावं लागणार नाही. आमची जुनी ओळख."

कुसुमचा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी थंडीतापाचं निमित्त होऊन वन्सं गेल्या. दहाव्याला पुरुषमंडळी घाटावर गेली. दुपार होईल म्हणून मी स्वैपाकाची घाई केली नव्हती, तर हे लवकरच परतले. पाय धुता धुता म्हणाले, "पिंड ठेवायचा अवकाश, कावळा झडप घालून शिवला. भटजी म्हणाले, बाईंची काही इच्छा मागं राहिली नव्हती." मला एकदम हसूच फुटलं. घरात आलेली माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली, म्हणून मी उठून परसात गेले आणि तिथं पोटभर रडले. इच्छा कशी नव्हती? चांगली होती की, माणसांनी आपल्याला शिवावं एवढी. पण माणसं शिवायला बिचकायची त्या बाईला, तो मेला कावळा कधी बिचकला नाही.