चुकीच्या बाजूची दाढ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला तर मुळीच नाही. दातांची डॉक्टर, आणि उजवं-डावं कळेना! नातवाला कळलं तर उद्यापासून मला चपलासुद्धा तोच घालून देईल.

नव्वदच्या दशकात मी दातांच्या कॉलेजात होते. सराव सगळा प्लास्टरच्या जबड्यांवर. एक जबडा मी माणिकपूरच्या घरीही नेला होता. मांडीवर घ्यायचा, पुढचे दात पलीकडे करून — जणू माझ्याच तोंडातला. त्याची उजवी बाजू माझ्या उजव्या हाताला. ऐट तर काय! पण पेशंट समोर बसला की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते — हे त्या शहाणीला कोण सांगणार? सर बजावायचे, इंजेक्शनआधी पेशंटला दुखऱ्या दातावर बोट ठेवायला सांगा. प्लास्टरला कुठलं बोट? विचारायची सवयच नव्हती.

माझा पहिला खराखुरा पेशंट — मिठागराकडच्या गावातल्या एक बाई. खालची उजवी दाढ किडलेली. मी डावीकडे सुई टोचली. त्या उं-उं करत मान हलवू लागल्या. मी म्हटलं, "घाबरू नका मावशी, आ करा." घाबरलं होतं कोण? मीच.

दाढ ट्रेमध्ये पडली. पांढरी, धडधाकट.

चूक झाली ती झाली — पण पुढे? पुढचं लिहायला हात अजून कचरतो. मी ती दाढ घाईघाईने कापसात गुंडाळली आणि बाईंना सांगितलं, "ही आतून पोखरली होती. दुसरी पुढच्या वेळी काढू." थंडपणे. डोळे मात्र वाहत होते. सर आले, "सगळं ठीक?" म्हणाले. आता कॉलेजातून हाकलणार — डोक्यात एवढंच. बाईंचा विचार? छे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे बघून 'हो' म्हणून मान डोलावली.

आजही कुणी माझ्यापुढे तोंड उघडलं की मी आधी त्यालाच दुखऱ्या दातावर बोट ठेवायला लावते.

आठवड्याने त्या दुखरी दाढ काढायला आल्या. माझ्याकडे नाही, दुसऱ्या विद्यार्थिनीच्या खुर्चीत बसल्या. जाताना गालाला रुमाल धरून माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "चांगली दाढ होती ती, बाय. तू रडत होतीस म्हनून सायबाला मी काय बोलले नाय. पन मला तरी खरं सांगायचंस."