रक्ताच्या पिशव्यांचा तक्ता

चिमणी नवी नर्स म्हणून आमच्या ऑपरेशन थिएटरात आली तेव्हा मास्कची नाडीसुद्धा ती माझ्याकडे बघून बांधायची. नेमकं तिलाच यकृत बदलणाऱ्या नव्या सरांनी आपल्या टेबलावर मदतीला घेतलं. मी बावीस वर्षं मोठ्या सरांच्या हातात अवजारं देत आलेली.

मोठ्या सरांची पद्धत जुनी. सिरोसिसनं दगड झालेलं यकृत ते मागच्या मोठ्या शिरेसकट काढत. नवं यकृत जोडेपर्यंत पायांकडचं रक्त यंत्रातून फिरवावं लागे. नवे सर ती शीर जागेवरच ठेवत आणि यकृत तिच्यावरून अलगद सोडवत. चिमणी टेबल आवरून चहाला जायची, तरी आमचं यंत्र गरगरतच असायचं. वर दारातून विचारायची, "ताई, डबा खाल्लात का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जळत होते मी तिच्यावर, सरळ सांगते.

पुढे विभागानं दोन्ही पद्धतींची तुलना करायची ठरवली. कुणाला किती रक्त लागलं, याचा तक्ता ज्येष्ठ म्हणून माझ्याकडे आला. आयतीच संधी. आमच्या टेबलावर चीर देण्याआधी चढवलेल्या पिशव्या मी धरतच नसे. तिच्या टेबलावरून न वापरता परत गेलेल्याही धरायचे. वर्षअखेरीस आम्ही पुढे. मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. चिमणी खाली मान घालून सुया मोजत राहिली.

मग माझ्या धाकट्या भावाच्या यकृतानं मान टाकली. सिरोसिसच. यादीत नंबर लागला, यकृत मिळालं आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे मोठे सर!

"तुमच्या तक्त्यावरूनच ठरवलं, सिस्टर," विभागप्रमुख म्हणाले. "त्याला जास्त रक्त जाऊन चालणार नाही."

चिमणीला हात धुताना गाठलं.

"माझ्या भावाला तुमच्या टेबलावर घ्या."

"पण ताई, तक्ता..."

"खोटा आहे. मी तसा भरलाय."

तिनं नळ बंद केला. "माहीत आहे. पिशव्या मीच परत पाठवत होते ना. पण हे मला नका सांगू, आत जाऊन विभागप्रमुखांना सांगा."

सांगितलं. मोठ्या सरांच्या समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

भावाला नव्या सरांच्या टेबलावर नेलं आणि मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाकावर बसले. आत जाणाऱ्या पिशव्या मोजल्या. तीन. या खेपेला एकही सोडली नाही, एकही वाढवली नाही. भाऊ वाचला. पण तेव्हाही आत अवजारं ती देत होती, या विचारानं माझा जीव जळतच होता.