आमच्यात नारळ असतो

बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालायची, हळदकुंकू लावायचं, पाळण्याच्या वरून-खालून त्याची देवाणघेवाण करायची आणि मग बाळाला आत ठेवायचं. बहुतेक मराठी घरांत असंच असतं. आमच्यात वरवंट्याच्या जागी नारळ असतो. माझ्या बारशाला नारळ होता, भावाच्या बारशाला होता, माझ्या लेकीच्याही होता. कुणी विचारलंच तर मी मान ताठ करून सांगायचे, "आम्ही बेंगळुरातले जुने लोक. पूर्वापार कुळाचार आहे." एकदा तर एका नव्या शेजारणीला मी त्यामागचं शास्त्रसुद्धा सांगितलं होतं. दगड तामसी, नारळ सात्त्विक. हे शास्त्र मी उभ्या उभ्या, भाजी निवडता निवडता रचलं होतं. ती वहीत लिहून घेऊन गेली.

घरात दुसरा कुळाचार होता तो आवाज न करण्याचा. तो आजोबांचा. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात खेचरांच्या तुकडीत होते. जंगलात खेचर ओरडलं की शत्रूला ठिकाण कळतं, म्हणून त्यांचा आवाज कापून टाकत. डॉक्टर कापायचा आणि आजोबा खेचराचं डोकं मांड्यांत दाबून धरायचे. तोंड वासलेलं, आवाज नाही, असं ते आम्हा मुलांना करून दाखवायचे. आम्हाला ती गंमत वाटायची. सहा वर्षांची असताना मी त्यांच्यामागे जाऊन फुगवलेली कागदी पिशवी फोडली. डोळे उघडले तेव्हा मी भिंतीपाशी पडले होते आणि पुढचा एक दात जमिनीवर होता. दुधाचा होता, म्हणून मी फार वाईट वाटून घेतलं नाही.

माझे वडील, म्हणजे अण्णा, एवढ्यावर सुटले नाहीत. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, तो कान आजोबांच्या थपडेनं गेला. खुंटीवर एक फौजी पट्टा असायचा. त्या पट्ट्याबरोबर एक वाक्य ठरलेलं असायचं, ते अण्णांच्या मोठ्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, मला सांगितलं होतं. "आईला खाऊन जन्मलास!" प्रत्येक फटक्याला एकदा. आजी अण्णांच्या बाळंतपणात गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्याचा परिणाम असा, की अण्णांनी आयुष्यात तान्ह्या मुलाला हात लावला नाही. मूल वर्षाचं झालं की खांद्यावरून उतरवायचे नाहीत, पण तोवर हात पाठीमागे. माझ्या बारशाचा फोटो आहे. सगळे पाळण्यावर वाकलेत आणि अण्णा कोपऱ्यात, अटक झाल्यासारखे उभे. आपल्या हाताला दोष आहे, असं ते धरून चालले होते.

यंदा माझ्या लेकीला मुलगा झाला. अण्णांना पणतू. लेकीनं बाळंतपणाआधीच जाहीर करून टाकलं होतं, "अण्णांनी याला मांडीवर घ्यायचं. त्यांनी घेतल्याशिवाय मी बाळाला पाळण्यात ठेवणार नाही." ती हट्टी आहे. कुणावर गेली, हे आमच्या घरात विचारत नाहीत.

बारसं तिच्याच एचएसआर लेआउटच्या घरी, रविवारी दुपारी. माझ्या विहीणबाई पुण्याहून आल्या होत्या, आणि येताना चक्क वरवंटा घेऊन आल्या होत्या.

"विमानतळावर बॅग उघडायला लावली मला," त्या म्हणाल्या. "तो मुलगा विचारतो, मॅडम, ये क्या है? म्हटलं, बाळाचा भाऊ आहे."

"छान आहे हो. पण आमच्यात नारळ असतो."

"अहो, पण आमच्यात वरवंटा असतो ना! आणि बाळ आमच्या आडनावाचं आहे."

"बारसं आमच्या बाजूनं आहे."

"तुमच्या बाजूनं म्हणजे कानडी पद्धतीनं का?"

हे मला लागलं. आमच्या बोलण्यात 'थोडं'ला स्वल्प, 'बरं'ला सरी असे कानडी शब्द येतात म्हणून पुण्याची माणसं आम्हाला मराठीच्या परीक्षेला बसवतात. मी म्हटलं, "आम्ही इथे आलो तेव्हा तुमचं ते अख्खं पुणं सहा गल्ल्यांचं होतं." याला आधार काहीही नव्हता. पण माझा आवाज चढला होता आणि वरवंट्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या हातात होतं. पंचावन्न आणि अठ्ठावन्न वर्षांच्या दोन बायका दगडाची रस्सीखेच करत होत्या. आत्या भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी. जावयाला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान आम्ही तिला दिला होता. ती एकटक त्या दगडाकडे बघत होती. मला वाटलं, तिला डुलकी लागतेय.

भांडण मोडायला जावई पुढे आला. तो महादेवपुऱ्याला एका कंपनीत आहे आणि कुठल्याही प्रसंगाला पडद्यावर काहीतरी दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. "आई, दोघीही बसा. मी एक बनवलंय. पणजोबा आणि पणतू, ऐंशी वर्षांच्या अंतरानं दोन जन्म! अण्णा, तुमच्या जन्माच्या वर्षी जगात काय काय झालं, बघा."

टीव्हीवर सेहेचाळीस साल सुरू झालं. नुकतंच संपलेलं महायुद्ध. जपानमधलं राख झालेलं शहर. खटला चालवून फासावर दिलेले जर्मन पुढारी. मुंबईच्या बंदरात बंड केलेले खलाशी आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर झालेला गोळीबार. कलकत्त्याच्या रस्त्यावर पडलेली प्रेतं, आणि वर गिधाडं. मागे सतारीचं संगीत. मधेच एका खोलीएवढा पहिल्या गणकयंत्राचा सांगाडा आला, तेव्हा जावयाचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला. मग त्या वर्षी जन्मलेली बडी माणसं. "आणि हे बघा, सैनिक घरी परतले आणि जगभर पाळणे हलायला लागले! अमेरिकेचे तीन अध्यक्ष त्या एका उन्हाळ्यात जन्मले. आणि त्याच वर्षी, आपले..."

पडद्यावर फुग्यांच्या महिरपीत अण्णांचा फोटो आला. टाळ्या वाजल्या. लेक बाळाला घेऊन अण्णांसमोर उभी राहिली. "घ्या, अण्णा."

अण्णांचे हात मागे गेले. "एक राहिलं तुझ्या नवऱ्याच्या यादीत," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "त्या वर्षी मी माझ्या आईला मारलं. जन्मलो तोच तिला मारून. ने बाळाला."

"अण्णा, प्लीज."

"ने म्हटलं ना!"

तेवढ्यात खाली रस्त्यावर फटाक्यांची माळ लागली. आमच्या बेंगळुरात गणपती महिनाभर बुडत असतात. कुठलं तरी मंडळ तमटे, म्हणजे इथले डफ, बडवत निघालं होतं. काचा थरथरल्या, बाळ किंचाळून रडायला लागलं, आणि ती सगळी पंचाईत झाकायला विहीणबाईंनी घाईघाईनं वरवंट्यावर कुंची चढवली आणि तो पाळण्यात ठेवला. "चला, चला, आवरून घेऊ या."

"काढ ते!"

आत्या एवढ्या जोरात ओरडू शकते, हे मला पंचावन्न वर्षांत ठाऊक नव्हतं. ती काठी न घेता उभी राहिली होती. "काढ ते पाळण्यातून!"

विहीणबाईंनी वरवंटा पोटाशी धरला. खालचे फटाके थांबले. आत्या अण्णांकडे वळली. ती त्यांना तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ.

"तम्मा, तू नाही मारलंस. तू बारा दिवसांचा होतास."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं बारसं होतं. ती बाळंतपणात नाही गेली. भिंतीला टेकून बसली होती, हसत होती. कुंची तिनंच घातली वरवंट्याला. मी आठ वर्षांची, तिच्या शेजारी. गल्लीतल्या पोरांकडे युद्ध जिंकल्याच्या मिरवणुकीतले फटाके उरलेले होते. फौजीला मुलगा झाला म्हणून त्यांनी दारातच माळ पेटवली. बाबा बाहेर होते. ते आत आले ते रांगत. पोटावर, कोपरांवर. बायका हसल्या, त्यांना वाटलं थट्टा करतायत. मग तू रडायला लागलास."

अण्णांनी उजवा कान तिच्याकडे केला.

"बाबा म्हणाले, गप्प कर त्याला, ऐकतील ते. आई म्हणाली, अहो, पोरं आहेत, फटाके आहेत. तू आणखी रडलास. त्यांनी तुझ्यासाठीच पाळण्यात हात घातला. तू आईच्या मांडीवर होतास. पाळण्यात दगड होता. आईनं तुला छातीशी घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. पहिला खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा डोक्यात. तिसराही डोक्यात. ती पडली, पण कोपर टेकून पडली. तू तिच्याखाली होतास आणि तुला खरचटलंसुद्धा नाही. रक्तानं मात्र भिजला होतास. मीच पुसलं तुला."

कुणीतरी टीव्ही बंद केला.

"आमच्या आजीनं, बाबांच्या आईनं, मला परसात नेलं. तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि म्हणाली, बाळंतपणात गेली म्हणायचं. बाप फासावर गेला तर तुम्हाला खायला कोण घालणार? गल्लीतल्या बायकांनीही तेच म्हटलं. वरवंटा विहिरीत टाकला. त्यानंतर कुणाच्या पाळण्यात दगड ठेवायची छाती झाली नाही. घरात नारळ आला."

दगड तामसी, नारळ सात्त्विक. वहीत लिहून घेऊन गेलेली शेजारीण मला आठवली आणि माझे कान तापले.

"आणि ते मला म्हणायचे..." अण्णा म्हणाले.

"म्हणायचे. पट्टा मारत म्हणायचे आणि मी दाराआड उभी राहून ऐकायचे. ते मेल्यावर सांगेन म्हटलं. मेले, तरी नाही सांगितलं. त्यांची अब्रू राखली मी, तम्मा, आणि तुला असंच मरू देणार होते."

अण्णा उठले. विहीणबाईंच्या हातातून त्यांनी वरवंटा ओढून घेतला, कुंची फाडून टाकली आणि आत्याकडे दोन पावलं गेले. अण्णांनी आयुष्यात माशीही मारली नसेल, पण त्यांचा चेहरा मी ओळखला. सहा वर्षांची असताना भिंतीपाशी पडून मी तोच चेहरा बघितला होता. "अण्णा!" मी ओरडले आणि मधे पडायला धावले. हे माझं शौर्य एवढंच, की मी पाटाला अडखळून जावयाच्या अंगावर पडले. आत्या जागची हलली नाही. तिनं मान खाली घातली, जणू एवढी वर्षं याचीच वाट बघत होती.

अण्णा तिच्याजवळून पुढे गेले. पाळण्याशेजारी ताटात माझा नारळ होता, कुंकू लावून सजवलेला. त्यांनी गुडघे टेकले आणि त्यावर वरवंटा घातला. एकदा. नारळ घरंगळला, तो धरून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा करवंटीच्या चिंधड्या झाल्या, पाणी विहीणबाईंच्या पैठणीवर उडालं आणि भाड्याच्या घराची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. अण्णांचं बोट मधे सापडलं होतं. रक्त येत होतं. त्यांना ते दिसत नव्हतं.

त्यांनी वरवंटा बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "अक्का, बारा दिवस तिनं घेतलं होतं मला?"

"खालीच ठेवत नव्हती. आजी ओरडायची, हाताची सवय लागेल म्हणून."

"नाव ठेवून झालं होतं?"

"नाही. तुझं शाळेतलं नाव बाबांनी नंतर लिहिलं. तिच्या मनातलं वेगळं होतं. मला सांगून ठेवलं होतं तिनं, गुपित म्हणून."

"मग सांग की."

आत्या माझ्या दंडाला धरून खाली बसली. आठ वर्षांच्या वयापासून जपलेलं ते नाव सांगायला ती आधी त्यांच्या डाव्या कानाकडे वाकली. अण्णांनी डोकं वळवून उजवा कान पुढे केला. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या कानात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईनं "कुर्रर्र" केलं आणि काहीतरी पुटपुटली. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटा घालायची पद्धत असते. कुणाचाच हात उठेना. शेवटी विहीणबाई पुढे झाल्या आणि ओल्या पैठणीनिशी तिच्या पाठीवर अगदी हलक्या हातानं एक थाप मारून मागे सरल्या.

"काय हो नाव?" मी न राहवून विचारलं.

"तुला काय करायचंय?" अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या बोटाला चिंधी बांधली. लेक अजून तिथेच उभी होती, बाळाला घेऊन, पाय दुखत असणार तरी. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "स्वल्प थांब," म्हणाले, आणि धोतरालाच हात पुसले, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी ते पुढे केले. कसं धरायचं, ते त्यांना येत नव्हतं. लेकीनं त्यांचं कोपर वाकवून दिलं, मानेखाली हात सरकवून दिला.

खाली दुसऱ्या मंडळाचा गणपती आला आणि आमच्या खिडकीच्या बरोबर खाली मोठी माळ तडतडली. सगळ्यांच्या माना एकदम अण्णांकडे वळल्या. मी तर आधीच अर्धी उठले होते. अण्णा रस्त्याकडे पाठ करून वाकले, बाळाचा एक कान छातीशी दाबला, दुसऱ्यावर चिंधी बांधलेला पंजा ठेवला, आणि माळ संपेपर्यंत म्हणत राहिले, "सरी, सरी. पोरं आहेत. फटाके आहेत."