रविवारची दाढी

खामगावात आमच्या गल्लीत न्हावीकाकांचं छोटं सलून आहे. वस्तरा गालावर असेपर्यंत ते शब्दही बोलत नाहीत. तो उचलला की मघाचं अर्धवट वाक्य पुरं करतात. बाबा आजारी पडल्यावर ते घरी येऊन त्यांची दाढी करायचे. मी तेव्हा जर्मनीत शिकत होते.

बाबा गेले आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर न्हावीकाका भेटायला आले, पण दारातच थांबले.

"ताई, रविवारी तुमचा व्हिडिओ फोन यायच्या आधी बाबा मले बोलावत. दाढी, केसाले कलप, गालाले जराशी पावडर. म्हणत, पोरीले आजारी दिसलो तर परीक्षा सोडून येईन ते."

"मले सांगितलं काऊन नाही?" कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून घरची बोली आली.

"मले अन् तुमच्या आईले शपथ घातली होती त्याईनं. शेवटच्या रविवारी तर मान धरवत नव्हती. मी मांगून उशी धरून बसलो होतो."

तो फोन मला आठवला. बाबा तजेलदार दिसले, म्हणून मी हसून म्हणाले होते, "किती सुधारली हो तब्येत!" आणि तिकीट पुढच्या महिन्यावर ढकललं होतं.

"माह्यं चुकलं का, ताई?"



आता मी त्यांना टाळते. राग त्यांचा येत नाही. पण ते समोर आले की मला माझाच तो आनंदी आवाज ऐकू येतो.