अनुमोदक निवृत्तीआबा

आमच्या ग्रामसभेत ठराव कुठलाही असो, अनुमोदक निवृत्तीआबा. गटाराचा असो, स्मशानभूमीच्या पत्र्याचा असो. तीस वर्षांची सवय. ग्रामसेवक तर त्यांचं नाव सभेआधीच लिहून मोकळा व्हायचा.

गेल्या वर्षी परंदवडीच्या बाजूच्या एका कारखान्यातले तोफगोळे मित्रदेशाला गेले. आमच्या गावची निम्मी पोरं तिथेच कामाला. मित्रदेशाने हल्ला केला, टीव्हीवर जल्लोष झाला, आपण मागे कशाला म्हणून आम्हीही अभिनंदनाचा ठराव केला. मसुदा माझा, सभेत वाचून दाखवला तोही मीच. मी निवृत्त मास्तर, गावात जड शब्दांचं खातं माझ्याकडे. सूचक सरपंच, अनुमोदक आबा.

पंधरा दिवसांनी कळलं, गोळे एका शाळेवर पडले होते. एकसष्ट मुलं. मला काही वाटलं नाही. हे सांगतानाही काही वाटत नाही.

मग हायकोर्टात याचिका झाली, की गोळे पुरवणारे जबाबदार आहेत की नाहीत. लोकांचा पाठिंबा दाखवायला कारखान्याने आमचा ठराव उत्तराला जोडला. त्याबरोबर गावात कुणाला काही आठवेना. सरपंच म्हणाले, माझं नाव परस्पर घातलं. उरले आबा.

याचिका करणाऱ्यांच्या वकील पद्मजाताई तुंगार्लीला राहतात. त्यांनी बोलावलं म्हणून मी आबांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. प्रतिज्ञापत्र तयारच होतं: विषय न समजता, सवयीने हात वर केला. सही केली की आबा सुटले, ठरावातही दम उरला नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्ये खोटं हाय, ताई. वाचून दावलं व्हतं. गोळं कुटं पडत्याल ठावं न्हवतं, पर गोळं हाईत ह्ये ठावं व्हतं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या."

"मग आबा, उद्या कोर्ट तुम्हालाच जाब विचारेल."

"इचारू द्या. कुनाला तरी इचारायला पायजेलच की."

ताईंनी प्रतिज्ञापत्र बाजूला सारलं. मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही होता त्या सभेला?"

"मी त्या दिवशी पुण्याला होतो," मी म्हणालो.

आबांनी मान वर केली नाही. परतताना कामशेत आलं. तेव्हा आबांनी खिडकीबाहेर बघत, अगदी चौकशी केल्यासारखं विचारलं,

"मास्तर, पुन्यात काय म्हनत व्हती मंडळी?"