शब्बीरचाचांचं बेचाळिसावं पान

वाजवायला बसण्याआधी शब्बीरचाचा चप्पल काढून लांब ठेवायचे, वाकून चारही पेडलांना एकेक करून हात लावायचे आणि दर वेळी तो हात कपाळाला न्यायचे. वाद्याला पाय लावायचा तर आधी माफी मागायची, हा त्यांचा नियम. पेडलं चार, म्हणून माफीही चारदा. समोर नवरदेव घोड्यावर खोळंबलेला असो की वरबाप घड्याळ दाखवत असो, एकही माफी ते गाळत नसत. "चौथं लई कमी लागतं," ते म्हणायचे, "पर त्याला वाटाया नको, आपल्याला मोजलंच न्हाई."

शब्बीरचाचा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांना न पाहिलेल्या माणसाला ते काय वाजवायचे हे सांगणं सोपं नाही. त्या वाद्याला आमच्या भागात नाव नव्हतं. त्यांच्या बँड पार्टीतले लोक त्याला 'मशीन' म्हणायचे.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याला चिकटून चाचांचं स्कूटर-मोटारसायकलचं गॅरेज. आम्ही दुकानाच्या वर राहायचो. माझ्या खोलीच्या खिडकीतून गॅरेजचा अर्धा ओटा दिसायचा, आणि तेवढा मला पुरायचा. मी बीडच्या इंग्रजी शाळेत जायचे. शाळेत इंग्रजी कमी बोलायचे, घरी मराठी कमी बोलायचे. पाहुणे आले की गच्चीवर जायचे. चाचांनी मला नाव ठेवलं होतं 'मीडियम'. व्हॅनमधून उतरले की गॅरेजमधून हाक यायची, "आली का आमची मीडियम? आज काय शिकिवलं? का आज बी तोंडाला कुलूप?" मी मान हलवून जिना चढायचे. पण वर गेल्यावर खिडकीशी बसायचे.

लग्नसराईत चाचा दुपारी मशीन बाहेर काढत. जुन्या चौकटीचं सागवान तासून केलेली फळी, त्यावर दहा तारा, फळीला चार पाय. खाली ओळीनं चार पेडलं, भंगारातल्या स्कूटरच्या ब्रेकची. प्रत्येक पेडलापासून क्लचची वायर वर जाऊन एका तारेला धरलेली, आणि पाय उचलला की तार जागेवर यावी म्हणून साइड स्टँडची स्प्रिंग. डाव्या हातात तारांवरून फिरवायला पिस्टनची जुनी पिन, गुळगुळीत घासलेली. डाव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं एक वेगळं पेडल, त्यात जुन्या रेडिओचं बटण. तेल मात्र चाचीच्या शिलाई मशीनचं. ते घ्यायला चाचा आत गेले की चाचीचा आवाज यायचा, "तुमचा बाजा पितो तेवढं तेल माझी मशीन वर्सात पीत न्हाई."

मला त्याचं काम कसं चालतं याची भयंकर उत्सुकता होती. पेडल दाबलं की एकच तार ताणली जायची आणि तिचा सूर वर सरकायचा. शेजारच्या तारा मात्र होत्या तिथेच. एक बाई रडते आहे आणि दोघी तिला धरून उभ्या आहेत, असं काहीतरी ऐकू यायचं. पण विचारायचं म्हणजे खाली जायचं, आणि खाली गिऱ्हाइकं असायची.

शेवटी चाचांनीच मला बोलावलं. मी सातवीत होते. गॅरेजच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला कागदाचा एक तुकडा होता, तो त्यांनी काढून माझ्या हातात दिला. "मीडियम, हे वाचून दाव. किती वर्सं झाली, कुणाला इचारावं कळंना."

कोण्या परदेशी मासिकाचं ते फाटलेलं पान होतं. चाचांच्या तरुणपणी मुंबईहून मागवलेले पार्ट त्यात गुंडाळून आले होते. तोवर चाचा बँड पार्टीत साधी हवाईयन गिटार वाजवत, आडवी ठेवून, पिन फिरवून. ती त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. या पानावर तसल्याच कुठल्या तरी गिटारचा फोटो होता, पण वरचा भाग फाटून गेलेला. उरले होते फक्त फळीचा खालचा काठ, चार पाय, सळया आणि पेडलं. त्या अर्ध्या फोटोवरून चाचांनी सगळं मशीन बनवलं होतं. वर काय असेल, कुठली सळई कशाला ओढत असेल, हे त्यांनी आपल्या डोक्यानं भरून काढलं. फोटोखाली इंग्रजीत एक ओळ होती. तारा कशा लावायच्या त्याचं गुपित तिच्यात असणार, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"काय लिवलंय?"

"लिहिलंय की... बाकीचा मजकूर पान बेचाळीसवर."

चाचा ओट्यावर बसून इतके हसले की पंक्चर काढायला आलेला माणूसही हसायला लागला. "मंजी सगळं बेचाळिसाव्या पानावर हाय! आन् ते पान कुण्या दुकानात भज्याला गेलं आसंल!"

त्या दिवसापासून ही त्यांची म्हणायची रीत झाली. गाडी कशानं बंद पडली ते कळलं नाही, तर "बेचाळिसाव्या पानावर आसंल." पाऊस कधी येणार? माणूस मेल्यावर कुठं जातो? चाची कशावर रुसली? उत्तर त्याच पानावर. आणि मला गॅरेजमध्ये यायला एक कारण मिळालं.

पार्टीच्या आवाजाचा सगळा इतिहास मी ओट्यावर बसून ऐकला. सुरुवातीला क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ढोल. मिरवणुकीत चाचांना मशीनसकट हातगाड्यावर बसवून ओढत न्यायचे. "अख्ख्या वरातीत बसून जाणारे दोघंच," ते सांगायचे, "नवरदेव आन् मी. त्यो भ्यालेला आसायचा, मी न्हाई." मग क्लॅरिनेटवाले थकले, ट्रंपेटवाला मुलाकडे पुण्याला गेला. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या तसे चाचा त्यात शिरत गेले. क्लॅरिनेटची मुरकी पहिल्या पेडलानं, ट्रंपेटची उडी दुसऱ्यानं. मग पार्टीत कीबोर्ड आला. त्याच्यावर चाचांचा राग नव्हता, कीवच होती: "शंभर बाजे हायती त्याच्यात, पर एकाला बी आवंढा गिळता येत न्हाई." ढोल वाजवणारे लिंबाजीकाका, चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त, ढोल सोडून इलेक्ट्रॉनिक पॅडवर आले. शेवटी डीजे आला आणि वरात त्याची झाली. पार्टीला उरली फक्त पाठवणी. तेवढ्यासाठी मात्र लांबलांबून बोलावणं यायचं. "नाचायला डीजे, रडायला मी," चाचा म्हणायचे. "डीजेचा आवाज छातीत बसतो, माझा गळ्यात. जिथं जे दुखतं तिथं ते लावायचं."

बारावीच्या सुट्टीत मी मोबाइलवर त्या वाद्याचं खरं नाव शोधून काढलं. पेडल स्टील गिटार. एक व्हिडिओ लावला, मग दुसरा, मग दहा. सगळे वाजवणारे पेडलं डाव्या पायानं दाबत होते. आवाजाचं पेडल उजव्या पायाखाली. चाचांचं बरोबर उलटं होतं. त्यांची चारही पेडलं उजव्या बाजूला होती.

मी मोबाइल घेऊन निम्मा जिना उतरले. खाली चाचा नेमके मशीनला तेल देत होते, जीव लावून, एकेका वायरला. मी परत वर गेले. त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नव्हती. त्यांचं चांगलं चाललं होतं. चूक आहे हे कळून त्यांना काय मिळणार होतं? असं मी स्वतःला सांगितलं आणि दोन वर्षं गप्प राहिले.

दोन वर्षांनी चाचांच्या उजव्या पायाला जखम झाली. साखर होतीच. जखम भरेना. बीडच्या दवाखान्यात त्या पायाची पाचही बोटं काढावी लागली. परत आले तेव्हा पाय पांढऱ्या कापडात गुंडाळलेला आणि आवाज बारीक झालेला. मशीनवर चादर पडली. पुढच्याच महिन्यात नांदूरघाटला लिंबाजीकाकांच्या मुलीचं, सुमनचं लग्न होतं. ती पाळण्यात असताना चाचांनी तिच्या पाठवणीचा शब्द दिला होता.

लिंबाजीकाका आले तेव्हा मी दुकानात बाबांना डबा द्यायला गेले होते. मधल्या पातळ भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"लिंबाजी, माझं जुनं वाजवलेलं पेन ड्राइव्हवर भरून देतो. ते लाव."

"पेन ड्राइव्हवर सासरी जाईल व्हय बे माझी पोरगी?"

"मग काय करू? पायाला जोरच न्हाई. टाच टेकती, फुडं काय न्हाईच."

"मंग मी बी पॅड वाजवीत न्हाई. बिनबाजाची जाऊ दे."

काका निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. काय बोलायचं ते रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी फक्त व्हिडिओ लावून मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला. चाचांनी तो एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा मोबाइल डोळ्यांपाशी नेला आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता नुसते पाय पाहिले.

"डावा पाय," ते म्हणाले.

"सगळेच डाव्या पायानं वाजवतात चाचा."

ते लंगडत उठले. भिंतीवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघत टेबलाच्या एका बाजूला उभे राहिले, मग टेबलाला धरून धरून पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथून पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "मीडियम, फोटो लोकायच्या बाजूनं काढला हाय! बघणाऱ्याच्या उजव्या हाताला ती वाजिवणाऱ्याची डावी. मी येडा, फोटो आपल्याच बाजूचा धरून बसलो. जलमभर!"

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"कंदी घावलं तुला हे?"

"दोन वर्षं झाली."

"आन् कावून न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

चाचा स्टुलावर बसले. बराच वेळ पिन या हातातून त्या हातात करत राहिले. "बेचाळिसावं पान तुझ्या खिशात हुतं," ते म्हणाले, "आन् मी रोज तुझ्याम्होरं म्हणत हुतो, कुठं आसंल कुठं आसंल. लई वाईट वाटलं बग आता." मी रडायच्या बेतात होते. त्यांनी ते पाहिलं असणार. "दुसऱ्याचं ओझं तू उचलून ठेवू नको बेटा. ज्याचं त्याला दे. जड हाय का हलकं, त्याचं त्यो बगंल." आणि लगेच, त्याच दमात, "त्यो दहा नंबरचा पाना आण."

तीन आठवडे आम्ही मशीन उलटवलं. चाचा स्टुलावरून सांगायचे आणि मी खाली जमिनीवर पडून वायरी सोडवायचे, मापून कापायचे, परत बांधायचे. माझ्या नखांत ग्रीस गेलं. गिऱ्हाइकं यायची, बघायची, "दुकानवाल्यांची पोरगी का?" विचारायची, आणि आडवं पडल्यामुळे मला त्यांच्याकडे बघावं लागत नसे. तिसऱ्या पेडलाची स्प्रिंग मात्र मनासारखी मिळाली नाही. ते दाबलं जायचं बरोबर, पण सुटायचं किंचित उशिरा.

खरी अडचण पायाची होती. डाव्या पायाला काहीच ठाऊक नव्हतं. चाचा जेवताना डावा पाय हलवत बसायचे. चाची म्हणाली, "आता ताटाला पण पेडल लावा." आवाजाचं पेडल उजव्या टाचेखाली आलं, टाचेला ते जमलं. पण लग्नाच्या चार दिवस आधी चाचाच अडले. "शुभकार्यात डावा पाय! लोकं काय म्हणतील?"

लिंबाजीकाका तिथेच होते. "डाव्या पायानं वाजीव नायतर डोक्यानं वाजीव, पर वाजीव बे."

चाचा दुपारच्या नमाजाहून आले ते मात्र वेगळेच. "मशिदीत जाताना उजवा पाय आत टाकायचा, निघताना डावा भाईर. पाठवणी मंजी निघणंच की!" त्यांचा प्रश्न तिथे मिटला.

नांदूरघाटला मीही गेले, टेम्पोत मशीन धरून. मंडपात दुपारचं ऊन कापडातून पिवळं होऊन येत होतं. चाचांनी चप्पल काढली, चार माफ्या मागितल्या. लिंबाजीकाकांनी पॅडवर हलकेच ठेका धरला आणि चाचांनी पिन तारेवर ठेवली. सुमन आईच्या गळ्यात पडली तेव्हा पहिल्या पेडलाचा सूर वर गेला. जिथे तो नेहमी थांबायचा तिथे डावा पाय चुकला आणि तिसरं पेडल दाबलं गेलं. वेगळीच एक तार उठली, आणि सुटताना उशिरा सुटली. रडता रडता कुणी मध्येच श्वास ओढावा तसं झालं. सुमननं मान वळवून चाचांकडे पाहिलं. लिंबाजीकाकांचा हात पॅडवर थांबला, मग परत चालू झाला.

टेम्पोत मी म्हणाले, "एके ठिकाणी चुकलं."

"चुकलं. पर ऱ्हाऊ दे. तिथं ते पायजेलच हुतं." पुढच्या प्रत्येक पाठवणीत ते त्या जागी मुद्दाम चुकायचे.

दीड वर्षानं मला पुण्याला नोकरी लागली. सकाळी बाबांबरोबर एसटीची वाट बघत हायवेला उभी होते. समोर गॅरेजच्या ओट्यावर चाचांनी मशीन मांडलेलं दिसलं, भोंग्यासकट. मला कळेना, आज तर कुठे लग्न नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, वाकले, चारदा हात कपाळाला नेला, आणि पाठवणी सुरू केली. चहाची टपरी, फळांचे गाडे, थांबलेले ट्रक, सगळा चौसाळा माझ्याकडे वळून बघायला लागला. माझं तोंड लाल झालं. जमीन मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

ती चुकलेली जागा आली. तार उठली, आणि सुटायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. स्प्रिंग पार गेली होती. त्यांनाही ते समजलं असेल, नसेलही.

एसटी आली. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा मी अर्धी बाहेर वाकले आणि उभ्या चौसाळ्यासमोर ओरडले, "चाचा, तिसरं पेडल उशिरा सुटतंय! स्प्रिंग बदला!"

टपरीवरची माणसं हसली. चाचांनी पिन धरलेला हात वर केला.

चाचा गेल्यावर मी चाचीला भेटायला गेले. तिनं मशीनवरची चादर काढली आणि म्हणाली, दाबून बघ. मी चप्पल काढली, चार माफ्या मागितल्या आणि तिसरं पेडल दाबून सोडलं. ते लगेच सुटलं. "तुझी गाडी वळणावर बी गेली नव्हती," चाची म्हणाली, "तवाच पाना घेऊन बसले."